ऑस्कर: ॲमेझॉनच्या पुरातून घरच्या टाकीत

ऑस्कर हा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्यातला, सिक्लिड कुळातला मासा. दुकानात तो बोटाच्या दोन पेरांएवढा असताना विकला जातो, वर्षभरात वीतभर होतो आणि टाकीत पूर्ण वाढला की ३० ते ३५ सेंटीमीटरपर्यंत पोचतो. निसर्गात ४५ सेंटीमीटर लांबीचीही नोंद आहे. नीट सांभाळला तर तो दहा-पंधरा वर्षे जगतो. रोज खाऊ घालणाऱ्या माणसाला ओळखतो, त्याची चाहूल लागताच काचेशी येतो आणि टाकीतले दगड स्वतःच्या मर्जीने हलवतो. त्याच्यावर जीव लावणारे लोक जगभर आहेत. तरीही विकत घेतलेल्या ऑस्करपैकी फार थोडे पूर्ण आयुष्य जगतात, आणि याचे कारण बहुतेक वेळा पाण्यात असते. घरात मासे पाळण्याच्या पावणेदोनशे वर्षांत पाण्याविषयी ज्या समजुती रूढ झाल्या, त्यांतल्या बऱ्याच या एका माशापुढे टिकल्या नाहीत.

शास्त्राच्या दप्तरात ऑस्करची पहिली नोंदच चुकीची झाली. बव्हेरियाच्या राजाने पाठवलेले योहान स्पिक्स आणि कार्ल मार्टियुस हे दोन निसर्गशास्त्रज्ञ १८१७ ते १८२० या काळात ब्राझीलमध्ये हिंडले. त्यांनी आणलेले मासे म्युनिकला बरण्यांत पडून राहिले आणि १८२६ मध्ये स्पिक्स वारले. मार्टियुस यांनी माशांचे काम लुई अगासी या विशीतल्या विद्यार्थ्यावर सोपवले. अगासी यांनी १८३१ मध्ये या माशाला ‘लोबोटीस ओसेलेटस’ असे नाव दिले. लोबोटीस हा समुद्री माशांचा गट, आणि मासा सापडल्याची जागा म्हणून अटलांटिक महासागर नोंदवला गेला. गोड्या पाण्यातल्या, जंगलात राहणाऱ्या माशाची अशी खाऱ्या पाण्यात बदली झाली. बरणीतल्या माशाचा रंग उडालेला असतो आणि तो कुठल्या पाण्यातून आला हे त्याच्याकडे पाहून कळत नाही, त्यामुळे या चुकीबद्दल अगासी यांना फार दोष देता येत नाही. १८३९ मध्ये विल्यम स्वेन्सन यांनी ‘ॲस्ट्रोनोटस’ ही प्रजाती वेगळी काढली. १८४० मध्ये व्हिएन्नाच्या योहान हेकेल यांनी दुसरी जात वर्णन केली, ती ब्राझीलमध्ये अठरा वर्षे घालवलेल्या योहान नाटरर यांच्या संग्रहावरून. ओरिनोको खोऱ्यातल्या ऑस्करला ‘ॲस्ट्रोनोटस मिकोल्जी’ हे स्वतंत्र जातीचे नाव मिळायला मात्र २०२२ साल उजाडले.

ऑस्करचे मूळ घर समजले की त्याच्या सांभाळातले अर्धे प्रश्न सुटतात. मानाउस शहराजवळ नदीची पातळी दरवर्षी साधारण दहा मीटरने वर-खाली होते. पुराचे पाणी जंगलात शिरते आणि महिनोन्‌महिने झाडांच्या बुंध्यांभोवती उभे राहते. हे पाणी संथ, कोमट आणि सावलीतले असते. कुजणाऱ्या पाल्यामुळे त्यात ऑक्सिजन अनेकदा अगदी कमी असतो. ऑस्कर अशा पाण्यात तग धरतो, कारण ऑक्सिजन कमी पडला की तो शरीराचे व्यवहार मंदावून ठेवू शकतो. त्याचे खाणे म्हणजे गोगलगाई, कोळंबी, खेकडे, पाण्यात पडलेले किडे आणि जमेल तेव्हा लहान मासे. पाठलाग करून शिकार करण्यासारखी त्याची अंगकाठी नाही. तो दबा धरतो आणि जवळ आलेले भक्ष्य तोंडाच्या एका झटक्यात आत ओढतो.

शेपटीच्या मुळाशी नारिंगी कडा असलेला काळा ठिपका ही त्याची खूण. तो डोळ्यासारखा दिसतो. कर्क वाइनमिलर यांनी १९९० मध्ये व्हेनेझुएलातील निरीक्षणांवरून मांडले की, हा ठिपका माशांच्या परांचे लचके तोडणाऱ्या पिरान्हांना चकवतो. पिरान्हा मागून येऊन शेपटीचा तुकडा तोडतो. समोर डोळा दिसला की आपण तोंडाच्या बाजूला आलो असे त्याला वाटते आणि तो बिचकतो. दुकानात ऑस्कर निवडताना लोक याच ठिपक्याची गोलाई पाहतात.

ब्राझीलमध्ये हा आधी खाण्याचा मासा होता आणि आजही आहे. ‘अपाइआरी’ या नावाने तो बाजारात येतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ईशान्य ब्राझीलच्या दुष्काळी प्रदेशात मोठे जलाशय बांधले गेले, तेव्हा लोकांना प्रथिने मिळावीत म्हणून ॲमेझॉनमधून मासे नेऊन तिथे सोडण्यात आले. त्यांत अपाइआरी होता. याच कार्यक्रमाशी निगडित असलेल्या रोडोल्फो फॉन इहेरिंग यांनी १९३०च्या दशकात पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून नदीतल्या माशांना अंडी घालायला लावण्याची पद्धत बसवली. भारतात १९५७ मध्ये कटक येथे हिरालाल चौधरी यांनी कार्प माशांवर तीच पद्धत यशस्वी केली आणि रोहू-कटल्याची मत्स्यशेती फोफावली. ऑस्करला असल्या इंजेक्शनची गरज पडली नाही. साचलेल्या पाण्यात तो आपणहून जोडी जमवतो, सपाट दगड साफ करून त्यावर एक ते तीन हजार अंडी घालतो, आणि नर-मादी दोघेही परांनी वारा घालत अंडी सांभाळतात. तीन-चार दिवसांत पिल्ले बाहेर येतात. इतका सहज वाढणारा मासा पुढे जगभरच्या व्यापाऱ्यांच्या हाती लागणार, हे उघड होते.

तोवर युरोपात काचेच्या टाकीचे शास्त्र आकार घेत होते. लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी सुमारे बारा गॅलन मावेल अशा काचेच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि काही गोगलगाई ठेवल्या. वनस्पती ऑक्सिजन देते, मासे तो घेतात, गोगलगाई कुजलेली पाने खातात, आणि पाणी न बदलता सगळे जिवंत राहते, असा निष्कर्ष त्यांनी १८५० मध्ये मांडला. ‘समतोल टाकी’ ही कल्पना इथून रुजली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचे दालन उघडले आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने हा छंद मध्यमवर्गीय घरांत नेला. १८६९ मध्ये पॅरिसच्या पिएर कार्बोनिए यांनी आशियातून आणलेल्या पॅराडाइज माशांची पैदास केली, तेव्हा उष्ण प्रदेशातले मासेही घरात वाढू शकतात हे दिसून आले. त्या काळच्या टाक्यांना लोखंडी चौकट आणि तळाला पाटीच्या दगडाची फरशी असे. खाली गॅसची किंवा तेलाची छोटी ज्योत ठेवून पाणी कोमट राखत. पुढे हॅम्बुर्ग बंदरातून दक्षिण अमेरिकेचे मासे जर्मन हौशी लोकांकडे जाऊ लागले.

समतोल टाकीच्या कल्पनेतून एक सवय जन्मली: पाणी जितके जुने तितके चांगले. पिवळसर, मुरलेले पाणी लोक जपून ठेवत आणि टाकी धुताना तेच परत ओतत. चार-दोन छोटे मासे आणि भरपूर वनस्पती असतील तर हे निभावते. ऑस्करच्या टाकीत ते निभावत नाही. तो वनस्पती मुळापासून उपटतो, वाळू तोंडात भरून दुसरीकडे थुंकतो आणि इतके खातो की मागे पडलेली घाण कोणत्याही गोगलगाईच्या आवाक्याबाहेर जाते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो युरोप-अमेरिकेतल्या टाक्यांत पोचला, तेव्हा त्याला सामावून घेणारे शास्त्र तयारच नव्हते. जुन्या पुस्तकांत ‘मखमली सिक्लिड’ म्हणून त्याचे कौतुक झाले, पण त्याच्या टाकीतल्या पाण्याचे काय होते याचे उत्तर कुणाकडे नव्हते.

उत्तराचा एक भाग मात्र दुसऱ्या क्षेत्रात आधीच सापडला होता. सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० मध्ये मातीतले असे जिवाणू वेगळे केले होते, जे अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. माशाच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो आणि तोच त्याच्यासाठी विष ठरतो. नायट्राइटही घातक असते. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण साठत जाते. ते टाकीबाहेर काढण्याचा घरगुती उपाय एकच, पाणी बदलणे. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स ॲट्झ यांनी समतोल टाकीच्या समजुतीवर सरळ लेख लिहिला आणि टाकीतला ऑक्सिजन मुख्यतः हवेतून, पाण्याच्या पृष्ठभागावरून येतो हे दाखवले. १९७० मध्ये स्टीफन स्पॉट यांच्या ग्रंथाने जैविक गाळणीचे गणित नीट मांडले. म्हणजे वॉरिंग्टनपासून इथपर्यंत एकशे वीस वर्षे गेली. या काळात ‘जुन्या’ पाण्यात किती मासे गुदमरले असतील, याचा विचार अस्वस्थ करतो.

साधनांचा इतिहासही याच वाटेने चालला. १९५०च्या दशकात वाळूखाली ठेवायची जाळीदार गाळणी लोकप्रिय झाली; पाणी वाळूतून खाली ओढले जाई आणि वाळूवरचे जिवाणू अमोनिया पचवत. छोट्या माशांसाठी ती उत्तम होती. ऑस्कर एका रात्रीत वाळूचा ढीग कोपऱ्यात लावतो, जाळी उघडी पडते आणि पाणी वाळूला न शिवता त्या मोकळ्या जागेतून निघून जाते. मोठ्या सिक्लिडांसाठी टाकीबाहेर बसवायच्या, डब्याच्या आकाराच्या गाळण्याच उपयोगी ठरल्या. १९६०च्या दशकात जर्मनीच्या आयहाइम कंपनीने त्या घराघरांत नेल्या. त्याच सुमारास सिलिकॉनने काच काचेला चिकटवण्याचे तंत्र आले, लोखंडी चौकट गेली आणि मोठ्या टाक्या स्वस्त झाल्या. काचेच्या हीटरला ऑस्कर धडका देतो, म्हणून हीटर भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या नळीत घालण्याची पद्धत पाळणाऱ्यांनी स्वतःच शोधली.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकची पिशवी आणि विमानवाहतूक यांनी व्यापाराचे रूपच बदलले. पूर्वी मासे पत्र्याच्या डब्यांतून जहाजाने आठवडेच्या आठवडे प्रवास करत आणि वाटेत मरत. आता पिशवीत थोडे पाणी, वर ऑक्सिजन आणि रबरबँडची गाठ एवढ्यावर मासा दिवसभरात खंड ओलांडू लागला. पैदास फ्लोरिडा, सिंगापूर आणि थायलंडच्या तळ्यांत होऊ लागली. १९६०च्या दशकात थायलंडमध्ये लाल ऑस्करची पैदास झाली, पाठोपाठ टायगर, अल्बिनो आणि लांब परांचे प्रकार आले. आज दुकानात दिसणारे जवळपास सगळे ऑस्कर शेततळ्यांत जन्मलेले असतात. काही ठिकाणी पांढऱ्या पिल्लांना कृत्रिम रंग देऊन निळे-गुलाबी ऑस्कर विकले गेले. हा रंग काही महिन्यांत उतरतो, आणि रंगवताना झालेली इजा माशाला भोगावी लागते. ही निखळ क्रूरता आहे आणि ती गिऱ्हाइकाच्या पैशावर चालते.

खाऊ घालण्याची रीतही बदलावी लागली. टाकीत जिवंत गोल्डफिश सोडून ऑस्करची शिकार पाहणे हा अनेक दशके मनोरंजनाचा भाग होता. गोल्डफिशच्या शरीरात थायामिनेज हे विकर असते. ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते. रोज तेच खाणाऱ्या माशाला त्या जीवनसत्त्वाची उणीव भासते, शिवाय चाऱ्याच्या माशांबरोबर रोगही घरात येतात. गुरांचे काळीज किंवा कोंबडीचे तुकडे भरवण्याची चालही अशीच. जमिनीवरच्या प्राण्यांची चरबी माशाच्या शरीरात नीट पचत नाही आणि यकृतात साठते. किडे आणि कवचधारी जीव खाणाऱ्या माशाला सालासकट कोळंबी, गांडूळ, बिनमिठाचा जवळा आणि चांगल्या प्रतीच्या गोळ्या हे अन्न साजते. जर्मनीत १९५५ मध्ये आलेले पापुद्र्यासारखे खाद्य पिल्लांपुरते ठीक. मोठा ऑस्कर ते चघळताना निम्मे कल्ल्यांतून बाहेर सोडतो.

जागेबद्दलचा ‘दर गॅलनला एक इंच मासा’ हा जुना ठोकताळा ऑस्करच्या बाबतीत सर्वांत जास्त नुकसानकारक ठरला. वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. एक इंची दहा माशांच्या लांबीची बेरीज दहा इंच होते, पण दहा इंची एक मासा त्या दहांच्या एकत्रित वजनाच्या शंभरपट भरतो, आणि त्याची घाणही त्याच बेताने वाढते. भारतात दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी सर्रास विकली जाते. तिच्यात साधारण ५५ लिटर पाणी मावते, म्हणजे वॉरिंग्टनच्या भांड्याएवढेच. पिल्लू तिच्यात तीन-चार महिने कसेबसे काढते. एका प्रौढ ऑस्करला चार बाय दीड बाय दीड फुटाची, सुमारे २५० लिटरची टाकी हवी. तिचे वजन स्टँडसह तीनशे किलोंच्या वर जाते. दर आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदलायचे तर पंधरा लिटरच्या साडेपाच-सहा बादल्या लागतात. हे पाणी २४ ते २८ अंश सेल्सियस असावे, नळाचे असेल तर त्यातला क्लोरीन काढलेला असावा. काढलेले जुने पाणी नायट्रेटमुळे कुंड्यांतल्या झाडांना मानवते. पाणीकपातीच्या शहरात आठवड्याला एवढे पाणी बाजूला काढणे सोपे नाही, आणि ज्याला ते जमणार नाही त्याने हा मासा घेऊ नये.

पाणी साचू दिले की त्याचे परिणाम माशाच्या कपाळावर दिसतात. डोक्यावर आणि डोळ्यांभोवती खळगे पडणारा रोग ऑस्करमध्ये वारंवार होतो. स्पायरोन्युक्लियस हा आतड्यातला परजीवी, जीवनसत्त्वांची उणीव आणि साठलेले नायट्रेट अशी त्याची कारणे सांगितली जातात. औषधाने परजीवी मरतो, पण पाणी सुधारल्याशिवाय खळगे भरत नाहीत, आणि भरले तरी व्रण राहतो.

वाढलेल्या ऑस्करचे काय करायचे, या प्रश्नाचे सर्वांत वाईट उत्तर फ्लोरिडात दिसते. तिथे १९५०च्या दशकाच्या अखेरीस मत्स्यशेतीतून तो कालव्यांत गेला आणि एव्हरग्लेड्सच्या दलदलीत स्थिरावला. आता गळ टाकणारे लोक तो हौसेने पकडतात. कालव्यांत माजलेल्या परक्या माशांना, मुख्यतः ठिपकेदार तिलापियाला, आवर घालण्यासाठी १९८४ मध्ये तिथल्या सरकारने दक्षिण अमेरिकेतलाच पीकॉक बास हा दुसरा सिक्लिड सोडला. ऑस्करला खरा लगाम थंडीचा आहे. पाणी साधारण १३ अंशांच्या खाली गेले की तो मरतो, आणि जानेवारी २०१०च्या कडाक्यात दक्षिण फ्लोरिडात परदेशी मासे मोठ्या संख्येने मेले. उबदार खोल पाण्यात उरलेल्यांनी पुन्हा जम बसवला.

मराठी मुलखाला ऑस्करचे कूळ अनोळखी नाही. गोव्याच्या खाड्यांतला कालुंदर हा भारताचा स्वतःचा सिक्लिड. मार्कुस ब्लॉख यांनी १७९० मध्ये त्याचे वर्णन केले. तोही जोडीने पिल्ले राखतो. उजनीच्या जलाशयात आणि बाजारात ढिगाने दिसणारी चिलापी याच कुळातली. तिची मोझांबिक जात भारतात १९५२ मध्ये आणली गेली. मुंबईत १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि काचेआडचे मासे पाहण्याची गोडी कित्येक पिढ्यांना तिथे लागली. क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ल्याच्या दुकानांत ऑस्करची पिल्ले आज सहज मिळतात. देशातली पैदास मुख्यतः कोलकाता आणि चेन्नईच्या कोळतूर भागातून येते.

इथल्या पाळणाऱ्यांनी सांभाळाच्या पद्धतीत स्वतःची भर घातली आहे. पुणे, नाशिक, विदर्भ इथे डिसेंबर-जानेवारीत रात्री हीटर लागतोच. २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात भारनियमन तासन्‌तास चाले, तेव्हा बंद डब्यातल्या गाळणीतले जिवाणू ऑक्सिजनअभावी मरत आणि वीज परत आली की सडलेले पाणी टाकीत येई. ऑस्कर कमी ऑक्सिजन सोसतो, हे सडके पाणी सोसत नाही. म्हणून वीज गेली की डबा सोडवून त्यातले पाणी ओतून टाकायचे, बॅटरीवरचा हवेचा पंप लावायचा आणि त्या दिवशी खाऊ द्यायचा नाही, असा क्रम अनुभवी लोकांनी बसवला.

फ्लोरिडातल्यासारखा थंडीचा लगाम कोकणातल्या नद्यांना नाही. तिथले पाणी १३ अंशांच्या खाली जात नाही, आणि सह्याद्रीच्या ओढ्यांत जगात इतरत्र कुठेही नसलेले मासे राहतात. चिलापीने जलाशयांत कसा जम बसवला हे डोळ्यांसमोर आहे. टाकीत न मावणारा ऑस्कर दुकानात परत देता येतो, किंवा मोठी टाकी असलेल्या दुसऱ्या पाळणाऱ्याकडे पाठवता येतो. त्याला नदीत, तळ्यात किंवा विहिरीत सोडणे हा पर्याय धरूच नये.